मिस्टर बीनची दुसरी गाडी

दोस्तांनो,

गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास खेळाचा होता. पण पाऊस असा काही कोसळत होता की मैदानाचं पार तळं झालं होतं. आता चौथीच्या बेचाळीस वानरांना तासभर वर्गात बसवून ठेवायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते तुमच्या बाईंनाच विचारा! मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला हवी ती एक वस्तू मिळाली तर...' आणि म्हटलं, "वह्या दप्तरात. आज नुसतं बोलायचं. पण एका वेळी एकानंच!"

मग काय! कुणाला दुर्बीण हवी होती, कुणाला क्रिकेटचं किट, एकीला खरीखुरी गाय. तेवढ्यात मधल्या रांगेतला एक पठ्ठ्या उभा राहिला. दोन्ही हातांनी हवेतच स्टिअरिंग धरलं आणि म्हणाला, "बाई, मला स्पोर्ट्‌स कार! लाल! झूऽऽम!" लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "तुला मिस्टर बीनची गाडी मिळणार! दाराला कुलूप लावायची!" वर्गात हसू फुटलं.

खिडकीजवळचा एक मुलगा मात्र हसत नव्हता. मी विचारलं, "तुला काय हवंय रे?" तो म्हणाला, "काही नको बाई. मला मिळालीय. सायकल."

"अरे वा! कधी?"

"दिवाळीत. पण चालवायची नाही. पप्पांनी प्लास्टिक काढलेलं नाही अजून. खराब होईल म्हणतात."

दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने सायकल घरात उभी. आणि हा गडी रोज दीड किलोमीटर चालत शाळेत येतो!

मला वर्गातल्या त्या तीन गोष्टी एकदम जोडाव्याशा वाटल्या. स्पोर्ट्‌स कार, मिस्टर बीन आणि प्लास्टिकमधली सायकल. मी म्हटलं, "मिस्टर बीनच्या घरी खरी गाडी कोणती होती, ते ठाऊक आहे का कुणाला?" बेचाळीसच्या बेचाळीस माना नकारार्थी हलल्या. तुमचीही हलली ना? मग ऐका तर.

मिस्टर बीनचं काम करणाऱ्या नटाचं नाव रोवन ॲटकिन्सन. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९५५ चा. पडद्यावर तो वेंधळ्यासारखा वागतो. पिवळट हिरव्या रंगाची चिमुकली 'मिनी' गाडी चालवतो, तिच्या दाराला कडी-कुलूप लावतो, आणि एकदा तर गाडीच्या टपावर आरामखुर्ची बांधून तिथूनच गाडी हाकतो! पण खरा ॲटकिन्सन वेंधळा नाही बरं का. तो विद्युत अभियांत्रिकी शिकलेला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाची एम. एस्‌सी. पदवी आहे त्याच्याकडे. त्याला यंत्रांचं इतकं वेड, की अवजड ट्रक चालवायचा परवानासुद्धा त्यानं काढलेला आहे.

या माणसानं १९९७ साली एक गाडी विकत घेतली. तिचं नाव 'मॅक्लारेन एफ वन'. त्या काळातली जगातली सर्वांत वेगवान मोटार!

ही गाडी कशी जन्माला आली, त्याची गोष्टही मजेची आहे. तिचा कर्ता गॉर्डन मरे. हा १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात जन्मला. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तरुणपणी यानं स्वतःच शर्यतीची गाडी बनवली आणि शर्यतीत पळवलीसुद्धा. १९६९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि पुढे फॉर्म्युला वन शर्यतींच्या गाड्यांचे आराखडे करण्यात त्याचं मोठं नाव झालं. १९८८ साली तो मॅक्लारेन या संघात होता. त्या वर्षी १६ शर्यती झाल्या आणि त्यांतल्या १५ मॅक्लारेननं जिंकल्या! एकच हरली, ती इटलीतली.

गंमत पाहा. ती हरलेली शर्यत आटोपून मरे आणि मॅक्लारेनची बडी मंडळी मिलान शहराच्या विमानतळावर बसली होती. विमानाला उशीर झालेला. आपण अशा वेळी काय करतो? जांभया देतो, शेंगदाणे खातो. या मंडळींनी गप्पा मारता मारता ठरवलं, की आपण रस्त्यावर चालणारी अशी एक गाडी बनवायची, की तिच्यासारखी दुसरी नसेल. १९९२ च्या मे महिन्यात मोनाको इथं ती गाडी जगानं पाहिली.

पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली, कारण गाडीत तीन खुर्च्या होत्या आणि ड्रायव्हरची खुर्ची बरोबर मधोमध! उजवीकडे नाही, डावीकडे नाही. दोन्ही बाजूंना थोडं मागे एकेक प्रवासी. मरेचं म्हणणं असं, की ड्रायव्हर मध्ये बसला म्हणजे त्याला दोन्हीकडचा रस्ता सारखाच दिसतो, गाडी किती रुंद आहे याचा अंदाज येतो आणि पायांखालची पॅडलं सरळ समोर येतात. गाडी घेणाऱ्याच्या उंचीप्रमाणे, हातापायांच्या लांबीप्रमाणे खुर्ची, पॅडलं आणि स्टिअरिंग बसवून देत. आपण शिंप्याकडे शाळेचा गणवेश शिवायला टाकतो ना, अगदी तसं मापानं. अडचण एकच. टोलनाक्यावर पैसे द्यायचे तर हात पोचणार कसा?

मरेला दुसरं वेड वजन कमी करण्याचं. तुम्ही एक प्रयोग करून पाहा. आधी रिकाम्या हातांनी मैदानाला फेरी मारा. मग पुस्तकांनी भरलेलं दप्तर पाठीवर घेऊन मारा. जड झालात की पळायला वेळ लागतो, थांबायला वेळ लागतो आणि वळताना तोल जातो. गाडीचंही तेच. म्हणून या गाडीचा सांगाडा लोखंडाचा नाही, कार्बन फायबरचा केला. कार्बनचे अगदी बारीक धागे विणायचे, त्यात राळेसारखं चिकट रसायन मुरवायचं आणि मोठ्या भट्टीत दाब देऊन भाजायचं. तयार होतं ते लोखंडापेक्षा कितीतरी हलकं आणि फार मजबूत. रस्त्यावरच्या मोटारीचा संपूर्ण सांगाडा असा करणं ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. गाडीचं वजन भरलं ११३८ किलो. गाडीबरोबर मिळणारे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा टायटेनियम या हलक्या धातूचे!

आणि इंजिन? ते जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या पॉल रोशे या अभियंत्यानं खास बनवलं. १२ सिलिंडर, ६०६४ घनसेंटिमीटर, ६१८ अश्वशक्ती. पालकहो, तुम्हाला मारुती ८०० आठवते ना? बऱ्याच घरांत ती पहिली मोटार म्हणून आली. तिला तीन सिलिंडर असत आणि तिची ताकद साधारण ३७ अश्वशक्ती. म्हणजे सोळा-सतरा मारुतींची ताकद या एका इंजिनात! एवढं इंजिन तापणार किती? म्हणून इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पातळ पत्रा लावला. दागिना म्हणून नाही बरं का. सोनं उष्णतेला आरशासारखं परत फेकतं, म्हणून. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर सोन्याचा मुलामा असतो, तोही याच कारणासाठी.

३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एका बंदिस्त चाचणी-मार्गावर ही गाडी पळवली. अँडी वॉलेस हा शर्यतपटू चालवत होता. वेग भरला ताशी ३८६ किलोमीटर! चला, गणित करू. ३८६ ला १००० नं गुणा आणि ३६०० नं भागा. उत्तर येतं एका सेकंदाला १०७ मीटर. आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात १०० मीटरची शर्यत असते ना? तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत ती शर्यत संपली! पापणी लवायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो असं धरलं, तर तेवढ्यात गाडी ३५ मीटर पुढे गेलेली असते, आणि ते ३५ मीटर ड्रायव्हरनं डोळे मिटून पार केलेले असतात. म्हणूनच असला वेग बंदिस्त मार्गावर, तयारीच्या माणसानंच करायचा असतो. ते कसं ते पुढे सांगते.

आता माझा वर्गाला प्रश्न होता. "गाडी चालवण्याची मजा कशात असते?"

सगळे एका सुरात ओरडले, "स्पीऽऽड!"

मी म्हटलं, "नक्की? विमान ताशी ८०० किलोमीटरनं जातं. आतली माणसं काय करत असतात?"

एकजण म्हणाली, "झोपतात. माझे आजोबा घोरत होते."

"आणि तुम्ही सायकलवरून टेकाडाच्या उतारावर ताशी वीसनं येता, तेव्हा?"

"तेव्हा आम्ही ओरडतो!"

बघा हं. आठशेच्या वेगाला माणूस घोरतो आणि विसाच्या वेगाला आनंदानं ओरडतो! म्हणजे मजा नुसत्या वेगात नाही. उतारावर वारा तुमच्या तोंडावर येतो. खडा चाकाखाली आला तर तुमच्या तळहातांना कळतं. ब्रेक किती दाबायचा, ते तुमची बोटं ठरवतात. चुकलात तर तुम्ही पडणार, जमलं तर तुम्हीच जमवलं. तुम्ही आणि ते यंत्र मिळून काहीतरी करत असता. विमानात तुम्ही नुसते सामान असता!

गॉर्डन मरेला नेमकं हेच ठाऊक होतं. त्यामुळे त्यानं काय केलं, तर या महागड्या गाडीतून सोयी काढूनच टाकल्या! स्टिअरिंग हलकं करणारी यंत्रणा नाही. ब्रेकला मदत करणारी यंत्रणा नाही. चाक घसरलं तर सावरून घेणारा संगणक नाही. गिअर हातानं टाकायचे, सहा. संगीतासाठी सीडी प्लेअर आहे, पण रेडिओ नाही. इंजिनासाठी हवा आत घेणारं तोंड ड्रायव्हरच्या डोक्यावर, छतात. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा श्वास थेट डोक्यावर ऐकू येतो. आधी घुमणारा, मग गुरगुरणारा, मग डरकाळी! रस्ता खडबडीत आहे की गुळगुळीत, ओला आहे की कोरडा, सगळं स्टिअरिंगमधून तळहातांत येतं. ज्यांना ही गाडी चालवायला मिळते, ते वेगापेक्षा याच गोष्टी जास्त सांगतात. आपण वळवू तशी वळते, आपण मागू तेवढंच देते, आणि आपली चूकही लपवत नाही.

आता येऊ मूळ गोष्टीवर, म्हणजे मालकीवर. या गाड्या १९९८ पर्यंत बनल्या. सगळ्या मिळून १०६. त्यांतल्या रस्त्यावर चालवायच्या साध्या गाड्या ६४. किंमत सुमारे ५,४०,००० पौंड. आता असं काही घरात आलं, की माणूस दोन तऱ्हांनी वागू शकतो. दोन्ही तऱ्हांच्या खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली तऱ्हा ॲटकिन्सनची. त्यानं गाडी घेतली आणि चालवली. प्रवासाला नेली, साध्यासुध्या कामांनाही नेली. १९९९ मध्ये ती एका छोट्या मोटारीवर आदळली आणि पुढून चेपली. नीट करून घेतली, पुन्हा चालवायला लागला. २०११ च्या ऑगस्टमध्ये मात्र मोठाच अपघात झाला. गाडी रस्त्यावरून घसरून गरगर फिरली आणि झाडावर आदळली. त्याच्या खांद्याला दुखापत झाली, पण जीव वाचला. गाडी दुरुस्त व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. विमा कंपनीला खर्च आला सुमारे ९,१०,००० पौंड, म्हणजे नव्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! ब्रिटनमधला मोटारदुरुस्तीचा तोवरचा सर्वांत मोठा विम्याचा दावा तो. तरीही ॲटकिन्सननं ती पुन्हा बाहेर काढली. २०१५ मध्ये त्यानं ती विकली, तेव्हा ती ६६,००० किलोमीटर धावलेली होती. पृथ्वीला विषुववृत्तावरून फेरी मारायची तर ४०,०७५ किलोमीटर होतात. म्हणजे गाडी दीड फेरीहून जास्त फिरली! आणि किंमत आली सुमारे ८० लाख पौंड. घेतली त्याच्या जवळजवळ पंधरापट. विकताना त्याच्या बोलण्याचा भाव असा होता, की गाडीमागचा विचार आवडला म्हणून मी ती घेतली होती. आता ती मौल्यवान ठेव झाली आहे, तर दुसऱ्या कुणीतरी तिचा आनंद घ्यावा.

दुसरी तऱ्हा ऐका. १९९५ सालची अशीच एक मॅक्लारेन २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिलावाला आली. किंमत मिळाली २ कोटी डॉलरच्या वर! कारण ती जवळजवळ नवी होती. सव्वीस वर्षांत चालली होती फक्त ३९० किलोमीटर.

३९० किलोमीटर म्हणजे किती? मुंबईहून कोल्हापूरला एकदा जायचं, झालं. परतसुद्धा यायचं नाही! आम्ही वर्गात भागाकार केला. वर्षाला १५ किलोमीटर. दिवसाला ४१ मीटर. आमच्या वर्गाच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. आणि १९९८ च्या त्या विक्रमी वेगानं गेली असती, तर तिचं सव्वीस वर्षांचं सगळं आयुष्य एका तासात आटोपलं असतं.

मी विचारलं, "सांगा, या दोघांत गाडीचा खरा मालक कोण?"

वर्गात असा गलका झाला, की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या! एक हिशेबी मुलगी म्हणाली, "बाई, न चालवलेलीला जास्त पैसे मिळाले. म्हणजे तो शहाणा." ते खोटं नव्हतं. दुसरा म्हणाला, "पण मिस्टर बीनलाही पंधरापट मिळाले की! शिवाय चालवायला मिळाली." तिसरी म्हणाली, "पण त्यानं दोनदा ठोकली. चांगली वस्तू अशी ठोकायची का?" हेही खरंच. एकजण म्हणाला, "नुसतं बघूनसुद्धा मजा येते बाई. माझ्या मामाकडे नाणी आहेत, ती तो खर्च थोडीच करतो?" किती नेमकं बोलला! काही वस्तू बघायच्याच असतात. नाणी, तिकिटं, आजोबांच्या हातचं पत्र. त्या जपून ठेवण्यातच त्यांचा आनंद.

मग दुसऱ्या बाकावरची एक बुटकीशी मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, माझ्या वाढदिवसाला चोवीस रंगांचे स्केचपेन आले होते. छान होते, म्हणून मी जपून ठेवले. चित्रकलेच्या स्पर्धेला काढले, तर सगळे वाळलेले."

वर्ग गप्प झाला. असं कुणाचं झालं नाही, सांगा? आईची ठेवणीतली पैठणी घडीवर विरते. पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबशांचा संच कपाटातच जुना होतो. आणि मोटार तर नुसती उभी राहिली तरी बिघडते! टायर एका जागी दबून चपटे होतात, रबरी भाग कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, बॅटरी उतरते. यंत्र हे चालण्यासाठीच केलेलं असतं.

पण थांबा! लगेच "बाईंनी सांगितलंय, सगळं वापरून टाका" म्हणत घरभर धावू नका. वापरणं आणि वाया घालवणं यांत फरक आहे. मॅक्लारेनची देखभाल करायला कारखान्याचे तज्ज्ञ लागत. गाडीतली यंत्रणा तपासायला १९९० च्या दशकातला एका विशिष्ट जातीचा जुना लॅपटॉपच लागायचा, नव्याशी तिचं जमायचंच नाही. म्हणून ते जुने लॅपटॉप त्यांनी पुढे वीस वर्षं जपून ठेवले! म्हणजे गाडी चालवायची हौस असेल, तर तेल, टायर, ब्रेक, सगळ्याची काळजी घ्यायची तयारीही हवी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला कष्ट मात्र पडतात.

आणि आता ते वेगाचं, जे मी मघाशी राखून ठेवलं होतं. वेग दुप्पट झाला, तर गाडी थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. तिप्पट झाला तर नऊपट! ॲटकिन्सनसारख्या वर्षानुवर्षं गाड्या चालवणाऱ्या माणसाची गाडीही रस्त्यावरून घसरली. मग आठवी-नववीतल्या दादानं वडलांची मोटारसायकल काढून मित्रांना दाखवायला पळवली, तर काय होईल? आपल्याकडे गिअरची गाडी चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण आणि हातात परवाना, दोन्ही लागतं. पालकहो, २०१९ पासून कायदा असा आहे, की अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'आमचा बंड्या आत्ताच काय मस्त चालवतो' असं कौतुकानं सांगणारे वडील मी पाहिले आहेत. तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मुलाच्या हातात किल्ली द्यायची तर सायकलच्या कुलपाची द्या. बाकीची पुढे आहेच.

घंटा झाली. मुलं पाऊस चुकवत पळाली. खिडकीजवळचा तो मुलगा मात्र दप्तर भरत रेंगाळला. म्हणाला, "बाई, हे सगळं पप्पांना सांगू?" मी म्हटलं, "सांग. पण नुसती गाडीची गोष्ट सांगू नकोस. सायकल रोज पुसेन, साखळीला तेल घालेन, शाळेत यायच्या आधी ब्रेक तपासेन, हेही सांग. आणि ते कर." त्यानं मान हलवली.

रविवार मध्ये गेला. सोमवारी पाऊस उघडला होता. शाळेच्या फाटकापाशी मला एक गृहस्थ थांबलेले दिसले. शेजारी हा गडी, आणि एक निळी सायकल. दांडीवरचं प्लास्टिक निम्मं निघालेलं, निम्मं लोंबत होतं.

"नमस्कार बाई," ते म्हणाले. "तुम्हीच ती मोटारीची गोष्ट सांगितली का?"

"हो, मीच."

"बघा आता." त्यांनी मडगार्डकडे बोट दाखवलं. बोटभर लांब ओरखडा होता. "काल संध्याकाळी काढली आणि काल संध्याकाळीच पाडला! आठ महिने मी जपली होती. बोनसच्या पैशांतली आहे हो."

मला क्षणभर काय बोलावं ते सुचेना. कष्टाच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूवरचा पहिला ओरखडा कसा लागतो, ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "लागलं का रे तुला?" त्यानं गुडघा दाखवला. खरचटलं होतं, हळद लावलेली होती.

वडील त्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग जरा हसून म्हणाले, "खरं सांगू बाई? मला लहानपणी सायकल नव्हती. तासाला पैसे देऊन भाड्यानं आणायचो. म्हणून ही घरात उभी दिसली की बरं वाटायचं. काल हा उतारावरून आला ना, तेव्हा असा काही ओरडला, की मी दारात धावत आलो. मला वाटलं, पडला! पडला तो नंतर. ओरडला होता तो आनंदानं."

एवढं बोलून त्यांनी खाली वाकून लोंबणारं प्लास्टिक ओढून काढलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "येताना नीट ये. उतारावर ब्रेक." आणि कामाला निघून गेले. पोरगं फाटकातच उकिडवं बसून रुमालानं चाकावरचा चिखल पुसायला लागलं. प्रार्थनेची घंटा झाली तरी उठेना!

तर दोस्तांनो, या आठवड्याचं काम. घरात एखादी वस्तू 'खराब होईल' म्हणून ठेवून दिली असेल, तर आईबाबांना विचारून ती बाहेर काढा. आधी बघा, ती नाण्यांसारखी जपायची आहे की स्केचपेनसारखी वापरायची. वापरायची असेल तर तिची काळजी कशी घ्यायची, ते एका कागदावर लिहा आणि मगच वापरायला घ्या.

आणि हे घ्या या वेळचं गणित. आमच्या वर्गातला तो मुलगा दीड किलोमीटरवरून शाळेत येतो. चालत तो ताशी ४ किलोमीटरनं येत असे. आता सायकलवरून ताशी १२ किलोमीटरनं येतो. रोज जाऊन-येऊन त्याची किती मिनिटं वाचतात? उत्तर पुढच्या अंकात. आणि त्या वाचलेल्या मिनिटांत तो काय करतो म्हणाल, तर सायकल पुसतो!

तुमच्या,
बाई